बेळगाव सीमाभागातून परदेशात कायदा शिकायला जाताना

परदेशात कायदा शिकायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो कुठल्या विद्यापीठात जायचे याचा. त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: शिकून झाल्यावर वकिली कुठे करणार? इंजिनिअरला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण पुलाचे गणित बेळगावात आणि बर्लिनमध्ये सारखेच असते. कायदा मात्र त्या त्या देशाच्या कोर्टाला बांधलेला असतो. बेळगावच्या कोर्टात उभे राहायचे, लंडनमध्ये सॉलिसिटर व्हायचे की न्यूयॉर्कची परीक्षा द्यायची, यावर कुठली पदवी घ्यायची, कधी घ्यायची आणि किती लाख घालायचे हे सगळे ठरते. हे न ठरवता गेलेल्यांच्या हातात परतल्यावर महागडी पदवी असते आणि सनद (वकिलीचा परवाना) नसते.

पीयूसीनंतर (बारावीनंतर) लगेच, की इथली एलएलबी करून?

भारतात वकिलीसाठी पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी लागते किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम लागतो. इंग्लंडमधली एलएलबी बारावीनंतर तीनच वर्षांची असते, त्यामुळे ती या मापात बसत नाही. अशी पदवी घेऊन परतलेल्याला बार कौन्सिल ऑफ इंडिया थेट सनद देत नाही. विद्यापीठ कौन्सिलच्या मान्यता यादीत असावे लागते आणि त्यावर ब्रिज कोर्स किंवा पात्रता परीक्षा येते. भारतात वकिली करायची असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: एलएलबी इथेच करा आणि एलएलएमला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, बाहेर जा. इथली एलएलबी कमी प्रतीची असते असा न्यूनगंड बाळगू नका. बेळगावचे राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासून चालू आहे आणि देशाचे माजी अॅटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल तिथेच कायदा शिकले.

तरीही पीयूसीनंतर इंग्लंडलाच जायचे असेल तर अर्ज यूकास या एकाच पोर्टलवरून होतो. त्यात पाच अभ्यासक्रम निवडता येतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, बाकीच्यांची मुख्य मुदत जानेवारीत. २०२६ च्या प्रवेशापासून पूर्वीच्या सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात आणि तिन्ही मिळून ४,००० अक्षरांची मर्यादा आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, किंग्ज, डरहॅम अशा ठिकाणी एलनॅट ही परीक्षाही द्यावी लागते: ९५ मिनिटांत ४२ बहुपर्यायी प्रश्न आणि मग ४० मिनिटांत एक निबंध. तिथे कायद्याचे ज्ञान तपासत नाहीत, उताऱ्यातला युक्तिवाद पकडता येतो का ते पाहतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण शब्दसंग्रहापेक्षा वाचनाच्या वेगात होते. त्यासाठी सहा महिने रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घेऊन 'लेखकाने काय गृहीत धरले आहे' हे एका वाक्यात लिहा.

एलएलएमने काय मिळते, काय नाही

इंग्लंडची एक वर्षाची एलएलएम तुम्हाला तिथला वकील करत नाही. हे आधीच समजून घ्या, कारण अनेक एजंट नेमके हेच सांगत नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायला सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, दुसऱ्यात १६ प्रात्यक्षिके (त्यातली १२ लेखी, ४ तोंडी). दोन्ही टप्प्यांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जाते. या परीक्षेला बसण्यासाठी एलएलएम लागत नाही, भारतीय पदवी पुरते. एरवी दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. तुम्ही सनद घेतलेले वकील असाल तर ती अट तुम्हाला लागू होत नाही. बॅरिस्टरचा रस्ता वेगळा आहे. त्यासाठी एखाद्या इनचे (लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेचे) सदस्यत्व, बारचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष उमेदवारी लागते. बाबासाहेब ज्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, ती अशा चार इन्सपैकी एक.

अमेरिकेत मात्र एलएलएमचा थेट उपयोग होतो. न्यूयॉर्क बारच्या परीक्षेसाठी परदेशी पदवीधरांना २४ क्रेडिटची एलएलएम ही नेहमीची वाट आहे. पण ती क्रेडिट्स कुठल्याही विषयांची चालत नाहीत. व्यावसायिक आचारसंहिता २, कायदेशीर संशोधन-लेखन २, अमेरिकन कायद्याची ओळख २ आणि परीक्षेला असलेल्या विषयांतली किमान ६ अशी विभागणी हवी. विषय निवडताना हे विसरलेला विद्यार्थी पदवी मिळूनही परीक्षेला बसू शकत नाही. कागदपत्रांची तपासणी न्यूयॉर्कचे परीक्षा मंडळ करते आणि ती संथ चालते, म्हणून परीक्षेच्या किमान वर्षभर आधी ती सुरू करा.

कॅनडात एनसीए ही समिती तुमची पदवी तपासून कुठल्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते सांगते. घटना, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनडाच्या कायद्याचा पाया आणि व्यावसायिक जबाबदारी हे पाच विषय सुटत नाहीत. जर्मनीत सरकारी विद्यापीठांची फी अगदी कमी असते, पण स्वस्त एलएलएम बहुतेक जर्मन भाषेतली असते. शिवाय भारतीयांना आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागतो.

परतून प्राध्यापक व्हायचे असेल तर आणखी सावध राहा. बार कौन्सिलच्या जानेवारी २०२१ च्या नियमांनी परदेशातल्या एक वर्षाच्या एलएलएमला भारतीय एलएलएमच्या बरोबरीचे मानण्यावर बंधने घातली आणि तो विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रवेश घेण्याच्या दिवशी त्याची स्थिती काय आहे ते पाहूनच निर्णय घ्या.

एक काम मात्र जाण्याआधी उरकाच, ते म्हणजे सनद. कर्नाटक राज्य बार कौन्सिलकडे किंवा महाराष्ट्र-गोव्याच्या कौन्सिलकडे, जिथे वकिली करणार तिथे नोंदणी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणी शुल्क सर्वसाधारण वर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आले आहे. नोंदणीनंतर दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम उत्तीर्ण व्हावी लागते. त्यातले एक वर्ष परदेशात जाणार असल्याने शक्य असेल तर ती परीक्षा देऊनच निघा.

कागदपत्रे: सीमाभागाची खरी अडचण इथे आहे

पुण्याच्या मुलाचे सगळे कागद एका राज्याचे आणि एका बोर्डाचे असतात. निपाणी, खानापूर, चिकोडी किंवा बेळगाव तालुक्यातल्या मुलाचे तसे नसते. एसएसएलसी (दहावी) मराठी माध्यमातून पण कर्नाटक बोर्डाची, बी.ए. राणी चन्नम्मा विद्यापीठाची, त्याआधी शिकलेल्यांची धारवाडची, एलएलबी हुबळीच्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाची किंवा कोल्हापुरात जाऊन शिवाजी विद्यापीठाची, आणि जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, कन्नडमधला. या चार-पाच ठिकाणी तुमचे नाव चार-पाच प्रकारे लिहिलेले असते.

पहिल्याच दिवशी सगळे कागद टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचे नाव अक्षर न् अक्षर वहीत उतरवा. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा: महाराष्ट्राकडच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, कर्नाटकातल्यावर शेवटी. कुठे वडिलांचे पूर्ण नाव, कुठे फक्त आद्याक्षर. पाटीलचे स्पेलिंग दोन तऱ्हांनी. कन्नडवरून इंग्रजीत उतरवताना जाधवच्या शेवटी चिकटलेला जादा 'ए'. पासपोर्ट हा पाया धरा आणि सगळे अर्ज त्याच स्पेलिंगने भरा. फरक किरकोळ असेल तर 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे इंग्रजी प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्पवर नोटरीकडून करून त्याच्या तीन-चार मूळ प्रती ठेवा. फरक मोठा असेल, म्हणजे आडनावच वेगळे असेल, तर मार्क्स कार्ड दुरुस्त करून घ्या. त्याला महिने लागतात, म्हणून ते काम सर्वांत आधी हातात घ्या.

पासपोर्ट अजून काढला नसेल तर बेळगावातच पोस्ट ऑफिसमधल्या सेवा केंद्रात काम होते. नेहमीच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. एकच नाव असले तर ते आडनावात जाते आणि अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिले नाव अज्ञात) छापून येते. मग बँक खात्यापासून विद्यापीठाच्या ओळखपत्रापर्यंत सगळीकडे तेच नाव मागे लागते. पुण्या-कोल्हापुरात खोली घेऊन राहत असाल तर अर्ज गावाच्या पत्त्यावर करा आणि पोलीस चौकशीच्या दिवसांत गावी हजर राहा.

जुन्या कागदांवर 'बेळगाम' आणि नव्यांवर 'बेळगावी' असते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलले. जन्मस्थळाच्या नावातल्या या फरकासाठी पैसे घालवू नका. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे लिहा.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्क्स कार्डाची झेरॉक्स नव्हे. विद्यापीठाने सर्व सेमिस्टरचे गुण एकत्र छापून, सही-शिक्क्यासह सीलबंद लिफाफ्यात दिलेला तो उतारा असतो. एलएलबीचा हुबळीला नवनगरमधून, बी.ए.चा त्या त्या विद्यापीठातून मागवा. अमेरिकेच्या बहुतेक विद्यापीठांचे अर्ज एलसॅक या संस्थेमार्फत जातात आणि तिथे ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच पोचावा लागतो. तुम्ही घरी आणून उघडलेला लिफाफा बाद होतो. म्हणून काउंटरवर एलसॅकचा फॉर्म भरून द्या, लिफाफ्याच्या जोडावर शिक्का मारला आहे ना ते पाहा आणि एकदमच पाच-सहा संच मागा. दुसऱ्यांदा पुन्हा तीच रांग लागते. परीक्षांच्या हंगामात, म्हणजे निकाल आणि पुनर्मूल्यांकनाच्या दिवसांत, ही कामे रखडतात.

कन्नडमधले दाखले (जन्म, उत्पन्न, जमिनीचा उतारा) इंग्रजीत भाषांतर करून लागतात. भाषांतरावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि 'हे मूळ कागदाचे अचूक भाषांतर आहे' असे विधान हवे. ओळखीच्या माणसाने साध्या कागदावर टाइप करून दिलेले व्हिसा कार्यालयात चालत नाही. आधी ऑनलाइन जन्मदाखल्यावर इंग्रजी नाव आहे का ते बघा. असेल तर तो खर्च वाचतो.

पैसे कुठे ठेवले आहेत, यालाही महत्त्व आहे

पौंड १२० रुपये धरला तर ३०,००० पौंडांची फी ३६ लाख होते. नोव्हेंबर २०२५ पासून ब्रिटिश व्हिसासाठी राहण्याचा खर्च लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा, दाखवावा लागतो. लंडनचे नऊ महिने म्हणजे १३,७६१ पौंड. अमेरिकेतल्या नामांकित लॉ स्कूलची नुसती फी सत्तर-ऐंशी हजार डॉलरपर्यंत जाते.

ब्रिटिश व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जातो. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतली हवी. आपल्याकडची खरी गफलत मात्र दुसरीच असते. बेळगाव जिल्ह्यात घरातली ठेव अनेकदा सौहार्द सहकारी किंवा मल्टिपर्पज सोसायटीत असते. ती विश्वासाची असेलही, पण ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक नव्हे आणि तिचा कागद ब्रिटिश व्हिसासाठी धरत नाहीत. ठेव मोडून रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणा आणि त्यानंतर २८ दिवस मोजा. मुदत संपेपर्यंत थांबायचे म्हणून सोसायटीने महिनाभर लावला की सगळे वेळापत्रक कोलमडते. म्हणून हे काम मेमध्येच करा, ऑगस्टवर ठेवू नका. पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील तर नाते दाखवणारा जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्र जोडा. तो कन्नड दाखला इथे पुन्हा लागतो.

शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टल आहे. त्याच्याशी नाव जुळणारी पीएम विद्यालक्ष्मी योजना फक्त देशातल्या संस्थांसाठी आहे, ती परदेशाला लागू नाही. नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागते आणि साधारण १५ टक्के रक्कम तुमची असावी लागते. तारणात शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत. एकरभर ऊस असूनही कर्ज मिळत नाही म्हणून घरचे हबकतात, त्याचे कारण हे. गावातले घर असेल तर ई-स्वत्तूचा (कर्नाटकातल्या ग्रामपंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचा) नमुना ९ आणि ११-अ लागतो. ११-ब असलेल्या मिळकतीवर बँका सहसा हात आखडतात. सब-रजिस्ट्रारकडची ईसी (मिळकतीवर बोजा आहे का ते सांगणारा दाखला), बँकेच्या वकिलाचा शोध-अहवाल आणि मूल्यांकन यांत चार ते सहा आठवडे जातात. मंजुरीपत्र तुमच्या नावावर, शैक्षणिक कर्ज म्हणून आणि सहा महिन्यांच्या आतले हवे. सोनेतारण कर्जाचे पत्र त्या जागी चालत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक कापते तो कर) लागत नाही. स्वतःचे पैसे वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवले तर वरच्या रकमेवर तो कापला जातो आणि विवरणपत्रात वळता होतो.

शिष्यवृत्त्यांत ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अर्ज ऑगस्टमध्ये उघडून ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे भारतात परतावे लागते. ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून केलेले काम यात धरता येते, फक्त तारखांसह पत्र घेऊन ठेवा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आणि वयाची ३५. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले आहेत, तेव्हा विषय त्या बेताने मांडा. राज्याच्या योजनांत सीमाभागातल्या मुलांची फसगत होते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची महाराष्ट्राची परदेश शिष्यवृत्ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे. सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे त्यांना तो काही योजनांचा लाभ देतो, म्हणून सगळ्याच योजना लागू होतात असे धरून चालू नका. रहिवासाचे कलम वाचा. कर्नाटकाची अनुसूचित जाती-जमातींसाठी 'प्रबुद्ध' योजना आहे. जातीचा दाखला ज्या राज्याचा, त्याच राज्याच्या यादीत तो चालतो. कर्नाटकात मराठा मागासवर्गीयांच्या ३-ब गटात आहे, महाराष्ट्रातले वर्गीकरण वेगळे आहे.

अर्जात काय लिहायचे

'लहानपणापासून न्यायाची आवड' अशी सुरुवात निवड समितीने हजारदा वाचलेली असते. सीमाभागातल्या मुलाकडे त्याहून कितीतरी सकस मजकूर असतो आणि तो वापरला जात नाही याचे वाईट वाटते. म्हादई नदी खानापूर तालुक्यात उगम पावते आणि तिच्या पाण्यावरून तीन राज्ये लवादासमोर गेली. लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ चा. आंतरराष्ट्रीय जलकायद्याच्या एलएलएमसाठी याहून चांगला पाया कुठला? निपाणीतला तंबाखू आणि विडी कामगार हा श्रम-कायदा आणि आरोग्य-कायदा यांच्या सांध्यावरचा विषय आहे. बेळगावच्या फाउंड्री आणि विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांमुळे करार आणि लवाद हे विषय दारातच आहेत.

सीमाप्रश्नावरही लिहा, पण गाऱ्हाणे म्हणून नको, कायद्याचा प्रश्न म्हणून. १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली दाखल केलेला दावा, राज्यांच्या सीमा बदलण्याचा संसदेला अनुच्छेद ३ ने दिलेला अधिकार, आणि भाषिक अल्पसंख्याकांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय सांगणारे ३५०-अ. या चौकटीत एक नेमका प्रश्न मांडा, तो तीन वाक्यांत लंडनमधल्या वाचकाला समजेल असा लिहा आणि त्यांच्या कुठल्या अभ्यासक्रमातून त्याचे उत्तर शोधणार ते नावानिशी सांगा.

शिफारसपत्रे दोन किंवा तीन लागतात. सरांना तयार मसुदा देऊ नका. तिन्ही पत्रांची भाषा एकाच हातची निघाली की शंका येते. त्याऐवजी कुठल्या विषयात किती गुण, कुठले मूट कोर्ट (सरावाचा खटला), कुठला निबंध, वर्गात कितवे अशा मुद्द्यांचे एक पान द्या. पोर्टलची लिंक सरांच्या जीमेलवर गेली तर अनेक विद्यापीठे अडतात. कॉलेजच्या नावाचा ईमेल मागून घ्या आणि तो नसेल तर लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र अपलोड करायला सांगा. इंग्रजी परीक्षेत एलएलएमसाठी आयईएल्ट्सचे ७ बँड ही साधारण अपेक्षा असते आणि लेखनाचा बँड वेगळा पाहतात. निकाल दोन वर्षे चालतो.

व्हिसा आणि निघण्याआधीचे आठवडे

ब्रिटनसाठी विद्यापीठाकडून सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा, क्रमांक येतो. २०२५ च्या एप्रिलपासून व्हिसाची फी ५२४ पौंड झाली. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे आणि पूर्ण वर्षाच्या एलएलएमचा व्हिसा पुढचे चार महिने धरून मिळत असल्याने तो दीडपट, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. क्षयरोगाची चाचणी ठरलेल्या केंद्रातच करायची असते. बेळगावातल्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही, बंगळूर किंवा मुंबई गाठावी लागते. शिक्षणानंतर काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. कर्जफेडीचा हिशेब त्यावरच मांडा.

अमेरिकेसाठी विद्यापीठाचा आय-२० हा प्रवेशाचा कागद आल्यावर ३५० डॉलरची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) फी आणि १८५ डॉलरची व्हिसा फी भरून मुलाखत द्यायची असते. दोन-तीन मिनिटांत 'हाच अभ्यासक्रम का' आणि 'पैसे कोण देणार' याचे सरळ उत्तर द्यावे लागते. एलएलएमनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची मिळते, विज्ञान शाखांसारखी वाढ नाही.

फुकट सल्ला देणाऱ्या एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळते, म्हणून तो कमिशन देणारीच विद्यापीठे सुचवतो. त्याने सांगितलेले नाव ब्रिटिश सरकारच्या प्रायोजक यादीत (परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना असलेल्यांच्या) आहे का ते स्वतः तपासा.

कर्जाचे हप्ते, मिळकतीचे कागद, बँकेतल्या सह्या यांसाठी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्याआधीच सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून टाका. तिकडून करायचे झाले तर भारतीय दूतावासात जाऊन साक्षांकन करावे लागते, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला स्टॅम्प भरावा लागतो.